टायरांना लावलेलं खोबरेल

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या मातीतल्या शर्यतीत टायरचे इतके नियम का असतात, हे मुलीने तीनदा समजावलं तरी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. सगळ्यांनी एकाच प्रकारचे टायर वापरायचे, म्हणजे पैसेवाल्यांची पोरं दर फेरीला भारी टायर घालून पुढे जाणार नाहीत. इथवर ठीक. पण मग तेच टायर एवढे महाग का? झिजले की चाकासकट फेकायचे, ही कसली काटकसर? त्यावर कहर म्हणजे कोरे टायर वाईट आणि थोडे झिजलेले चांगले! माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने तीन रविवार सिंगापूरमधल्या पुंगोलच्या आमच्या घरून ट्रॅकवर जाऊन एक सेट हवा तेवढाच झिजवला होता. मी बँकेत लोकांना नियम पाळायला लावण्याचा पगार घेते, पण या नियमांपुढे मी हात टेकले.

वर्षाची शेवटची शर्यत नेमकी दसऱ्याला आली. सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी पूजेसाठी पाटावर लॅपटॉप, मिक्सर आणि तिची गाडी मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. टायर मात्र मातकट दिसत होते. पूजेला बसवायचं आणि असं कळकट? ओल्या फडक्याने पुसून मी त्यांच्यावर खोबरेलाचा हात फिरवला. काय चमकले! मला फार बरं वाटलं. तिने घाईत नमस्कार केला, फूल काढलं आणि गाडी पिशवीत घातली.

शर्यतीआधी टायर तपासतात. एक वयस्कर चिनी गृहस्थ प्रत्येक टायर नाकाशी धरून हुंगत होते. मला हसूच आलं. रबर मऊ करणारं काही लावलं की पकड वाढते, म्हणून ते चालत नाही, हे लेकीने सांगितलं होतं. पण ते एखादं जहाल रसायन असेल, अशी माझी समजूत. त्यांनी तिचे टायर हुंगले, मग पुन्हा हुंगले.

"व्हॉट यू पुट?"

"नथिंग, अंकल! आय स्वेअर, आय नेव्हर पुट एनीथिंग."

ती छातीठोकपणे सांगत होती आणि मी मागे उभी राहून खोबरेल कशात मोडतं याचा विचार करत होते. ते तर केसांचं तेल. रांगेतला एक मुलगा "चीटर" म्हणाला, तेव्हा कुठे मी पुढे झाले. माझंच काम, पूजा होती, तिला ठाऊकही नाही, असं काहीबाही बोलत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही, कोण जाणे. आज तिला उतरता येणार नाही, एवढंच ते म्हणाले.

"आई, तू मला विचारलं का नाहीस?" एरवी घरातही इंग्रजीत उत्तरं देणारी लेक मराठीत म्हणाली. ते जास्त लागलं.

विचारण्यासारखं काही आहे, हेच मला कळलं नव्हतं.

घरी जाऊ म्हटलं, तर ती हलेना. शर्यतीत नसलेल्यांनी वळणावर थांबून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असाही एक नियम आहे म्हणे. तिने नारिंगी जाकीट चढवलं आणि जाऊन उभी राहिली. तिला चीटर म्हणणाऱ्याचीच गाडी पहिल्या फेरीत तिच्यापुढे उलटली. तिने धावत जाऊन ती उचलली, चाकांवर नीट ठेवली आणि मागे सरकली. तिचं कौतुक वाटून घ्यावं की स्वतःची लाज, मला कळेना. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.