काचेचं समाजघर बघायला पडेगावला, न सांगता

आमच्या गावात काचेची आणि लाकडाची इमारत बांधायची टूम निघाली, तेव्हा मी पहिलं विचारलं, काच धुणार कोण? दोन वर्षं धड पाऊस नाय, प्यायचं पाणी टँकरचं, आणि हे काचा लावायला निघालेत.

गंगापूरच्या पुढं आमचं गाव. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या बचत गटाचं शेवयांचं मशीन आहे. रानात काम उरलं नाय तेव्हापासून गटातल्या बायांची घरं त्या मशीनवर चालतात. ती शेड पाडून तिथं समाजघर करायचं म्हणतात. दिवसा आमचं काम, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, लग्न निघालं तर मधली लाकडी भिंत सरकवायची की सगळा एकच हॉल. जागा गटाच्या ताब्यात, म्हणून होकार आमचा लागतो. आर्किटेक्ट केतकी मॅडम म्हणाल्या, "शहराच्या कडेला पडेगावला असंच बांधलंय मी. शुक्रवारी या, दाखवते." गटानं मला आणि माझी जाऊ सुशीला, अशा दोघींना धाडलं. मी हो म्हटलं की शेड गेली.

आम्ही गुरुवारीच निघालो. पोरगी द्यायची असली की आमच्याकडं मुलाचं घर असंच बघतात. सांगून गेलं की अंगण सारवलेलं आणि सासू गोड. न सांगता गेलं की रांजणात पाणी किती ते दिसतं.

"मॅडमला राग येईल बाई," सुशीला म्हणाली.

"येऊ दे. मुलाच्या आईलाबी येतो."

गंगापूरपर्यंत जीप, पुढं एसटी. कुणाला जायचं असेल तर सकाळी उजव्या खिडकीत बसू नका, ऊन पार तोंडावर येतं. वाळूजला कंपन्यांची पाळी सुटायच्या वेळेला सापडलात तर गाडी मुंगीसारखी सरकते. रस्त्याच्या दोन्ही अंगाला मोकळं रान, वाळलेलं, आणि त्यात प्लॉटचे बोर्ड. इतके बोर्ड की सुशीला म्हणाली, यंदा हेच पीक चांगलं आलंय. नगर नाक्याला उतरून छावणीतून पडेगावला शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाला आधी चार सीटचे पैसे मागतो. दुसऱ्या रिक्षाकडं चालायला लागा, मग भाव खाली येतो. भाकरी-ठेचा घरून न्या. नाक्यावरचे पोहे मी खाल्ले, इतके कोरडे की पोटभर पाणी प्यावं लागलं.

इमारत दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू. पुढं लांब पडवी, लाकडाचे खांब, वरपर्यंत काचा. मी केसातला आकडा काढून खांबाच्या बुडाला टोचून बघितला. फळ्या एकावर एक चिकटवून केलेला खांब, म्हटलं वाळवीनं खाल्लाच असणार. आकडा आत गेला नाय. खांब लोखंडी पायावर उचलून बसवलेला. भर दुपारी काचेला हात लावला, चटका बसला नाय, कारण छपराची सावली लांबवर पडत होती. तरी माझं मन काय बसेना. सगळंच बरोबर असलं की मला जास्त शंका येते.

आत एका अरुंद भागात बायांचा शिवणवर्ग चाललेला. मशिनी इतक्या खेटून, की एकीचा कोपर दुसरीच्या कुशीत. मधली भिंत बंद. मी झाडलोट करणाऱ्या रशीदाबींना विचारलं, "ही सरकवत का नाय?"

"तुम लोगां कल आनेवाले थे ना?" त्या म्हणाल्या.

"व्हय. आज आलो."

"तो कल देखना था. कल खाली करते वो लोग."

मी बाहेरून वळसा घालून पलीकडच्या काचेला डोळे लावले. मोठा हॉल मंडपवाल्याच्या सामानानं भरलेला. खुर्च्यांच्या चळती, स्वयंपाकाच्या मोठ्या डेगा, जनरेटर. रशीदाबी मागून आल्या. "मैडम का फोन आया के सामान बाहर. मैडम गई के अंदर. हर बार ऐसाइच. इधर के कमिटीवाले का भाई है वो मंडपवाला."

"आणि तुम्ही बोलत नाय?"

"मेरी नौकरी गई तो तू देगी क्या?"

मी मॅडमला फोन लावला. उस्मानपुऱ्याहून स्कूटीवर आल्या त्या, घामाघूम.

"तुम्ही उद्या येणार होतात ना, काकू?"

"म्हणून आज आलो."

त्यांनी भिंत ओढून बघितली. हलली नाय. कडी पलीकडून होती. काचेतून आतलं सामान बघितलं आणि पडवीतच बसल्या. पोरगी खोटी नव्हती, तिचं तोंडच सांगत होतं.

"कडी त्या बाजूनं का लावली?" मी विचारलं.

"कमिटीनं मागितली. मोठा हॉल सुरक्षित राहावा म्हणून."

"कमिटीत बाया किती?"

सुशीलानं त्यांना पाणी दिलं आणि मला डोळ्यानं दटावलं.

"आमच्याकडं कडीच नको लावू," मी म्हटलं. "कुठल्याच बाजूनं."

"काकू, मग वाऱ्यानं भिंत वाजेल."

"वाजू दे."

आम्ही परत आल्यावर गावात बैठक बसली. सरपंच म्हणाले, "कडी नसली तर सामान चोरीला जाईल की, वहिनी."

"कपाटाला कुलूप लावा. भिंतीला नाय."

"लग्नात वऱ्हाड थेट तुमच्या मशीनवर येईल."

"येऊ दे. शेवया विकत घेऊन जाईल." बाया हसल्या, सरपंच नाय हसले. तिथंच मला कळलं की पलीकडचा अर्धा हॉल त्यांच्याही डोळ्यासमोर आधीच भरून झालाय.

आम्ही नाय म्हटलं नाय आणि हो बी म्हटलं नाय. बिनकडीचा नकाशा आणा, मग बोलू, एवढंच सांगितलं. माझ्या मनात लाकडाविषयी आता काय नाय. काचेचंही एक बरं वाटलं, बंद केलेलं बाहेरून दिसलं तरी. आमच्या पत्र्याच्या शेडला कुणी कुलूप घातलं असतं तर आत काय भरलंय ते कुणाला कळलंही नसतं. मॅडम परवा फोनवर म्हणाल्या, नवा नकाशा जवळजवळ झालाय, लई सुंदर झालाय. असेल. मी बोट ठेवून आधी ती भिंत शोधणार, तिच्या दोन्ही बाजूंना कडी नाय ना ते बघणार. तोवर शेड उभी आहे आणि मशीन चालू आहे.