बाकावरून उठलेला माणूस

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि रविवारी फुटबॉलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहत होतो. लाल-पिवळी कार्डं आमच्याकडे पोचली नव्हती. ताकीद तोंडानं द्यायची आणि बाहेरचा रस्ता बोटानं दाखवायचा.

एका उपांत्य सामन्यात गिरणीचा संघ आणि रेल्वे वसाहतीचा संघ समोरासमोर होते. गिरणीवाल्यांचा जुना फॉरवर्ड त्या दिवशी बदली खेळाडू होता. पस्तिशीचा विणकर. इतकी वर्षं संघ त्याच्यावर चालला, आणि आता त्याच्या जागी एक तरणा पोरगा खेळत होता. हा बाकावर टिकेना. आपल्याच गोलमागं येरझाऱ्या घालत होता. मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यानं मान डोलावली आणि तो तिथंच राहिला.

बरोबरी होती, वेळ संपत आली होती. रेल्वेच्या कप्तानानं गोलकीपरला चकवून चेंडू मोकळ्या गोलकडे ढकलला. चेंडू मुरमावरून सावकाश गडगडत निघाला. गोल होणार म्हणून लोक उठलेसुद्धा. तेवढ्यात गोलमागून हा गडी आत आला आणि रेषेच्या अलीकडूनच त्यानं चेंडू लाथाडून दिला.

मी शिट्टी मारली. मैदानात एकच गलका उठला.

रेल्वेचा कप्तान धावत आला. "सर, ह्यो गोल न्हाय तर काय हाय?"

"रेषा ओलांडली नाही. गोल देता येत नाही."

"मग पेनल्टी द्या की!"

"तो खेळातला खेळाडू नव्हता. त्याला बाहेर काढायचं आणि ड्रॉप बॉल टाकायचा, दोघांच्या मधे चेंडू सोडून खेळ पुन्हा सुरू. नियम तेवढाच आहे."

"लई भारी नियम हाय तुमचा," तो म्हणाला. मलाही त्या घडीला तो नियम भारी वाटत नव्हता, पण दुसरा माझ्याकडे नव्हता.

मी विणकराला बाहेरचा रस्ता दाखवला. तो हलेना. गोलच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या कप्तानानं तेलुगूत काहीतरी समजावलं, तरी नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्याला ज्या बाजूनं बाहेर जायचं होतं तिथंच रेल्वेचे लोक मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी येऊन थांबले होते. दोघांच्या हातात चपला होत्या.

मी त्याचा दंड धरला. "चला, मी येतो तुमच्याबरोबर." आम्ही मैदान आडवं ओलांडून पलीकडच्या बाजूला निघालो. दोनचार पावलं गेलो असू, तोच रेल्वेचा कप्तान येऊन त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायला लागला. माझ्याकडे बघतही नव्हता. गर्दीकडे हात करून ओरडला, "कुनी हात लावायचा न्हाय! खेळायचं हाय आमाला अजून."

विणकर मान खाली घालून चालत होता. दोरीपाशी पोचल्यावर म्हणाला, "पाय आपोआप गेले, सर." मी त्याला तिथल्या कट्ट्यावर बसवलं आणि परत आलो.

ड्रॉप बॉल गोलरेषेच्या अगदी तोंडाशी टाकावा लागला. दोन्ही कप्तान वाकून उभे राहिले. चेंडू जमिनीला टेकताच दोघांचे पाय एकदमच बसले आणि तो खांबाला घासून बाहेर गेला. जादा वेळेत गिरणीवाले एका गोलनं जिंकले. रेल्वेच्या कप्तानानं त्या मोसमात पुन्हा माझ्याशी हात मिळवला नाही. त्याच्या जागी मीही मिळवला नसता.

विणकर त्यानंतर खेळायला उतरला नाही, पण सामने पाहायला यायचा. पुढच्या मोसमापासून मी सामन्याआधी दोन्ही संघांच्या बदली खेळाडूंना बाकावर बसवून घेऊ लागलो. विचारल्याशिवाय उठायचं नाही, गोलमागं फिरायचं नाही, असं खडसावून सांगायचो.

एकजण हसून म्हणाला, "सर, हितं बी शाळाच भरवता व्हय?"

"व्हय," मी म्हणालो आणि नाणं उडवायला मधोमध गेलो.