नमुन्याची बाटली

सांगलीच्या घाटावरचा तो म्हातारा नावाडी मला एकदाच भेटला. कृष्णेत मेलेले मासे तरंगत होते. प्रदूषण तपासायला आलेल्या साहेबांचे बूट भिजू नयेत म्हणून नमुन्याच्या बाटल्या तोच भरत होता. बाटली आधी नदीच्याच पाण्यानं तीनदा विसळायची, हा सरकारी नियम त्याला पाठ होता.

साहेब गेल्यावर मी विचारलं, "आता साखर कारखान्यावर काही कारवाई होईल?"

"कशाचं काय! मासं मेलं परवा, सायेब आलं आज. मळीचं पाणी कवाच म्होरं गेलं. बाटलीत आता नुसती नदीच घावायची."

नावेत चढताना त्यानं सवयीनं नदीचं पाणी डोळ्यांना लावलं. मग दचकून, घरून आणलेल्या नळाच्या पाण्यानं डोळे खसाखसा धुतले.

सांगलीच्या नळालाही कृष्णाच येते. त्यालाही ते ठाऊक होतंच.