औषध दोघांना

माझ्या बहिणीच्या जुळ्यांपैकी एकाला खोकला झाला तरी औषध दोघांना मिळायचं. "एकाला झालं की दुसऱ्याला येणारच," ती म्हणायची. धडधाकट असलेला तोंड वाकडं करून गिळायचा आणि आजारी खिदळायचा. दोघे इतके सारखे की सख्खी मावशी असून मीही फसायचे. आधी जन्मलेल्याला आम्ही दादा म्हणायचो, दुसऱ्याला बंड्या.

बंड्याने बापाच्या पेल्यातली उरलेली दारू तोंडाला लावली तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढे पिणं वाढलं, आणि रागाच्या भरात स्वतःच्याच हातांना इजा करणंही. बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यातलं काही रक्तातून येतं, काही घरातून. जुळ्यांचं दोन्ही सारखं. दुसऱ्यालाही आणा."

"तो थेंबाला शिवत नाही हो," बहीण म्हणाली आणि दादालाच भावाच्या राखणीला बसवलं. अक्कल गहाण ठेवली होती तिने, दुसरं काय!

बंड्या हळूहळू सावरला. दोघे बापाचं इस्त्रीचं दुकान चालवू लागले. एका रखरखीत दुपारी मी चादरी न्यायला गेले. बंड्या घड्या घालता घालता दादाकडे बघत होता. इस्त्रीवाला कितीही नटवा असो, बाह्या दुमडतोच. दादाची बटणं मनगटापर्यंत लावलेली. बंड्याने इस्त्री बंद केली.

"दादा, बाही वर कर."

"भाजलंय जरा."

"मला सांगतोस? हीच थाप मी आईला मारायचो. किती दिवस चाललंय?"

दादाने बाही आणखी खाली ओढली. "सगळ्यांनी मला तुझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मग माझं कुणाला सांगायचं होतं?"

बंड्याने त्याला स्टुलावर बसवलं, दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्यासमोरच आईला फोन लावून सगळं सांगितलं. ती आली, पण एका शब्दाने रागावली नाही. दादाचा हात हातात घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात होतो. नर्सने विचारलं, "पेशंट कोणता?"

"दोघेही," बहीण म्हणाली. "आमच्याकडे औषध दोघांनाही असतं. मध्ये मीच विसरले होते."

दादाने लहानपणीसारखं तोंड वाकडं केलं. बंड्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढे घालून आत नेलं.