कमलाचं जोडवं

तुळसाबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. बालाघाटच्या त्यांच्या गल्लीत दूधवाला आला, की दुधात बोट बुडवून पाहिल्याशिवाय त्या त्याला दारातून हलू देत नसत. सून कमला हिच्या दुखण्याकडे तर त्या दुधापेक्षाही बारीक नजरेनं बघत.

कमलाची पाठ दुखायची. पडलं की जास्त, उठून बसलं की कमी.

"आडवं झाल्यावर दुखते अन् बसल्यावर थांबते, असं कोणतं दुखणं असते वं बाई?" त्या शेजारच्या रुख्माबाईंना म्हणाल्या. "माहेरी जायाचं सोंग दिसून राह्यलं मले."

त्यात कमलाचं डाव्या पायातलं जोडवं गेलं. "कुठं पडलं, मले कळलंच नाही, आत्याबाई," ती म्हणाली. चांदीचं जोडवं बोटातून निघतं आणि बाईमाणसाला कळत नाही! नुकताच तिचा भाऊ माहेराहून, लामत्याहून येऊन गेला होता. तुळसाबाईंनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. पुढं बाजारात तिची चप्पल मागं राहिली आणि ही एका पायानं अनवाणी चालतच गेली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "नाटकातच पाठवा हिले!"

गावातल्या डॉक्टरांनी हाडाचा टीबी म्हणून झोपवून ठेवलं. एका सकाळी कमला उठायला गेली, तर पाय उभेच राहीनात. नवरा तेजराम तिला नागपूरला घेऊन निघाला. मागोमाग तुळसाबाईही निघाल्या. डॉक्टर लोक भोळे असतात, हिच्या बोलण्यावर जातील.

मोठ्या डॉक्टरांपुढं त्यांनी सगळं गाऱ्हाणं ओतलं. झोपण्याचं, जोडव्याचं, चपलेचं. तेजराम लाजेनं खाली बघत होता. डॉक्टरांनी मात्र लेखणी खाली ठेवली.

"बाई, चप्पल कोणत्या पायातली?"

"डाव्याच. जोडवंबी डावंच."

पाठीत औषध टोचून एक्स-रेचे फोटो काढले. औषध मणक्यांतून एका जागेपर्यंत चढलं आणि तिथंच अडलं. आत मज्जारज्जूला दाबणारी गाठ होती. "अशी क्वचितच सापडते," डॉक्टर म्हणाले. "काढली नाही तर पाय जातील. काढली तर पायांतली ताकद परत येण्याची आशा आहे."

"म्हंजे जोडवं पडलेलं हिले खरंच कळलं नसंल?"

"नाहीच कळणार."

तरी ऑपरेशननंतर गाठ दाखवा म्हणून तुळसाबाई अडून बसल्याच. बाटलीतल्या औषधात शिंगाड्याएवढा गोळा होता. "एवढ्याशानं?" बाटली उजेडाकडे धरून त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली.

कमलाच्या पायात थोडी थोडी जाण येतेय असं नर्स म्हणाली, त्या दिवशी तुळसाबाई सोनाराकडे जाऊन आल्या. खाटेशी बसून त्यांनी आपला पदर कमलाच्या डोळ्यांवर टाकला.

"हे काय, आत्याबाई?"

"पाहशील मंग. सांग, कोणतं बोट धरलं?"

"अंगठ्याजवळचं. डावं." कमला जरा थांबली. "अन् चिमटा काहून घेता?"

पदर तसाच ठेवून तुळसाबाईंनी जोडवं चढवलं, आणि ते सैल तर नाही ना, हे दोनदा ओढून पाहिलं.