लामदुआनचं हिरवं नाक

आमच्या शेजारणीची, लामदुआनची, बोटं बारा महिने हिरवी. नवा पोस्टमन आला की हमखास विचारतो, "घर रंगवताय का?"

हातयाई शहरातल्या विद्यापीठात ती प्रयोगशाळेत मदतनीस आहे. सव्वीस वर्षं काचेची भांडी धुता धुता तिने एक कला उचलली. बर्फात बसवलेल्या भांड्यात औषध थेंबाथेंबाने सोडायचं, की त्याचं वीज वाहून नेणारं हिरवं प्लास्टिक तयार होतं. त्याच्या जाळीत चांदीचे कण बसवायचे, केसाच्या हजाराव्या भागाएवढे. मोठमोठ्या पदव्यांची पोरं हेच करायला जातात तेव्हा चिखल होतो. लामदुआनच्या हातून मखमल उतरते. या मखमलीला अमोनिया लागला की तिच्यातली वीज अडखळते, रंग निळा पडतो आणि जोडलेला भोंगा बोंबलतो.

आता हिला अमोनियाचं एवढं काय पडलंय? तर तिचा नवरा विचियेन. रबराचा चीक नासू नये म्हणून आमच्या चीक-केंद्रावर टाक्यांत अमोनिया घालतात, आणि हा माणूस तीस वर्षं त्या टाक्यांपाशी उभा आहे.

आमच्याकडे गालाला नाक लावून वास घेतला की झाला मुका. त्याला म्हणतात 'होम', आणि सुगंधालाही 'होम'च. एका संध्याकाळी लामदुआन घरी आली ती कॉलरवर अमोनियाची बाटली सांडून. मी कुंपणापाशी होते (कामानेच, उगाच नव्हे), तरी माझे डोळे झोंबले. विचियेनने मात्र बायकोच्या गालाला नाक लावून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "होम!"

मी खो खो हसले. लामदुआन हसली नाही.

"पुई," ती मला म्हणाली, "याचं नाक मेलंय गं. टाकी गळली तर हा तिथेच उभा राहील, शीळ घालत."

म्हणून तिने ते भोंग्याचं यंत्र केलं. केंद्राचे अध्यक्ष लुंग थावोन (लुंग म्हणजे काका, साऱ्या गावाचेच), त्यांनी चाचणीला एक सकाळ दिली आणि बजावलं, "विनाकारण एकदा जरी वाजलं, तर घरी न्यायचं."

इथे माझ्या हातून थोडी समाजसेवा घडली. कॉफीच्या टपरीवर मी सहज बोलून गेले की लामदुआनचं यंत्र गॅस पकडतं. कुणाचाही.

चाचणीच्या सकाळी सगळे कामगार भिंतीला पाठ लावून उभे. कुणी यंत्राजवळ जाईल तर शपथ! विचियेनने त्याच्यापुढे अमोनियाची बाटली उघडली, भोंगा वाजला. झाकली, गप्प झाला. मग तासभर चिडीचूप. लामदुआनचा चेहरा सैल होत चालला होता, तेवढ्यात लुंग थावोन आले, चष्मा वर केला आणि यंत्रावर वाकले.

भोंऽऽऽ!

ते ताठ झाले. यंत्र गप्प. पुन्हा वाकले. भोंऽऽऽ!

"लुंग, सकाळी काय खाल्लंत?" भिंतीकडून आवाज आला, आणि सगळी भिंतच हसायला लागली.

"विनाकारण वाजतंय हे!" लुंगचे कान लाल. "उचला! न्या घरी!"

विचियेन यंत्राचे खिळे काढायला पुढे झाला. लामदुआनने त्याचा हात धरला. पिशवीतून तिने तीच हिरवी मखमल चढवलेली कागदाची पट्टी काढली.

"लुंग, जरा उभे राहा." पट्टी तिने आधी त्यांच्या पाठीमागे धरली. लोकांनी श्वास रोखले, जास्त करून नाकाचे. पट्टी हिरवीच. मग पुढून सदऱ्याच्या खिशाशी धरली, आणि ती बघता बघता निळी झाली.

खिशातून कापसाचं टोक डोकावत होतं. त्यावर चक्कर आली की हुंगायचं अमोनियाचं औषध; घराघरांत त्याची बाटली असते. पण लुंग थावोन महिनाभर गावाला सांगत हिंडत होते की मी रेड्यासारखा ठणठणीत आहे. पुढच्याच महिन्यात केंद्राची निवडणूक होती ना!

लामदुआनने टोक पाहिलं, पट्टी खाली घेतली आणि अगदी हळू म्हणाली, "कारण तुम्हीच सांगा, लुंग. नाहीतर विनाकारण वाजलं म्हणते आणि घेऊन जाते."

लुंगनी भिंतीकडे पाहिलं. भिंत वाट पाहत होती. एकीकडे चक्कर, दुसरीकडे पोट. बिचाऱ्याने घाम पुसला आणि कापसाचा बोळा बाहेर काढून उंच धरला.

"येते कधीकधी चक्कर! पण पोट साफ आहे माझं, सगळ्यांनी ऐका! आणि ते यंत्र लावा. माझ्या खुर्चीपासून लांब."

निवडणूक ते जिंकले. पोट साफ असलेला दुसरा उमेदवारच नव्हता, असं मी म्हणते.

गेल्या आठवड्यात यंत्र पुन्हा बोंबललं. वाकलेलं कुणी नव्हतं. विचियेनला कसलाच वास आला नव्हता, तरी तो आधी बाहेर पळाला, मग लोकांनी पाहिलं. मोठ्या टाकीची तोटी सुटली होती.

त्या संध्याकाळी त्याने बायकोच्या गालाला बराच वेळ नाक लावून ठेवलं.

"होम," म्हणाला.

दुपारभर आम्ही दोघींनी मिळून मासे साफ केले होते. मी कुंपणापाशीच होते, पण एक अक्षर बोलले नाही. मला ते जमतं.