दूध तोडलेला पैलवान

मला तालमीतून बाहेर काढलं तेव्हा दसरा नुकताच होऊन गेला होता. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी इंदापुरात एका तालमीत राहत होतो आणि विशी अजून गाठायची होती. त्या सकाळी हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीत, माझा जोडीदार मानेवर हात टाकून मला खाली ओढत होता. एकदम त्यानं हात काढून घेतला आणि तळव्याकडं बघत उभा राहिला. तळव्याला माती होती आणि मातीत रक्त मिसळलेलं होतं. रक्त त्याचं नव्हतं.

"वस्ताद," तो म्हणाला, "ह्याच्या मानंला काय झालंय बघा."

काय झालं होतं ते मला वर्षभर माहीत होतं. कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या घडीत आधी बारीक पुरळ उठलं. मग कातडी जाड, काळपट झाली आणि तिला भेगा पडून पाणी येऊ लागलं. खाज अशी, की झोपेत ओरबाडून सकाळी चादरीला डाग पडलेले असायचे. मी सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकायचो आणि खालची कातडी दिसू नये म्हणून अंगाला भरपूर माती चोळायचो. ते मानेपर्यंत आल्यावर मात्र लपवायला जागा उरली नाही.

वस्ताद साठीच्या घरातले, कमी बोलणारे. त्यांनी मला दारात उजेडाला उभं केलं, हात वर करायला लावले, पाठमोरं वळवलं. जोर मारणारी पोरं थांबून बघत होती.

"कधीपासनं हाय हे?"

मी मानेवर हात ठेवून ती झाकली.

"आरं, एकाचा नायटा साऱ्या तालमीला लागतो. हितं अंगाला अंग घासतंय." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली. "बरा होऊन ये. तवर हौद्यात पाय टाकायचा न्हाय."

दुपारच्या एसटीनं मी वळकटी घेऊन गावी आलो.

आमचं गाव बावड्याच्या पुढं, नदीच्या अंगाला. आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, कळप मोडून शेती धरली. दावणीला दोन म्हशी होत्या आणि त्यातल्या एकीचं दूध फक्त माझ्यासाठी राखलेलं. पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडं तात्या रोज दुधाची किटली द्यायचे आणि मी ती इंदापूरच्या स्टँडवर उतरवून घ्यायचो. ह्या दुधावर पोरगं पैलवान झालं, असं तात्या पारावर सांगायचे. ते खोटंही नव्हतं.

मी परत आलो हे त्यांना सहन झालं नाही. बावड्याला एक डॉक्टर होता. त्याच्याकडं इंजेक्शन घेतलं की दोन-चार दिवसांत कातडी साफ व्हायची आणि असर उतरला की दुप्पट जोरानं परत उठायची. कुणी सांगितलं म्हणून कडुलिंबाचा पाला वाटून लावला, कुणी दिलेला लेप लावला, तर कातडी भाजल्यासारखी झाली. तात्यांचा विचार सरळ होता: अंगात ताकद आली की कातडी आपोआप सुधारेल. त्यांनी दुधाचा तांब्या मोठा केला. जेवणात तूप वाढलं, सकाळची अंडी वाढली. दिवाळीपर्यंत माझी अवस्था अशी झाली, की सदरा काढताना तो पाठीला चिकटलेला असायचा आणि आईला कोमट पाणी लावून तो सोडवावा लागायचा.

एका नातेवाइकानं बारामतीच्या डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं. त्या फक्त कातडीचे आजार बघायच्या. तात्या माझ्याबरोबर आले. बाईंनी भिंग धरून कोपर पाहिलं, मान पाहिली, नखं किती वाढलीत ते पाहिलं. मग विचारलं, "खाणं काय असतं?"

उत्तर तात्यांनी दिलं. "खाण्याची आबाळ न्हाय बाई. दोन्ही टायमाला म्हशीचं निरसं दूध, बदामाची थंडाई, तूप, अंडी. कशाला कमी न्हाय."

"आणि हे वाढलं कधी?"

"तालमीत गेल्यापासून," मी म्हणालो. "खुराक वाढला तसं."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. हे मी त्यांच्यापुढं कधी बोललो नव्हतो. खरं तर बोलेपर्यंत मलाही ते उमगलं नव्हतं.

"हा नायटा नाही," बाई म्हणाल्या. "इसब आहे. तो कुणाला लागत नाही. आता मी सांगते ते नीट ऐका. प्रत्येकाच्या इसबाचा खाण्याशी संबंध असतोच असं नाही. काहींचा असतो. तुमचा आहे का, ते बंद केल्याशिवाय कळणार नाही. दूध, दही, ताक, तूप, अंडी, सगळं काही महिने बंद. बेकरीचं काही नको, त्यात काय घातलंय ते कळत नाही. घरचं साधं खा. मलम देते, ते सांगते तसंच लावा. आणि ती इंजेक्शनं परत घेऊ नका."

"बाई, पैलवान हाय तो," तात्या म्हणाले.

"दिसतंय मला. पण त्याला झोप लागत नाही. झोपेशिवाय तो कुस्ती कशी करणार?"

"ह्यानं बरं व्हईलच का?"

"खात्री देत नाही. करून बघू म्हणते."

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. भवानीनगर गेलं, अंथुर्णे गेलं. निमगाव केतकीला गाडी थांबली तेव्हा तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हंजी आपल्या म्हशीच्या दुधात खोट हाय व्हय?"

"तसं न्हाय म्हणाल्या त्या."

"मग काय म्हणाल्या?"



त्या संध्याकाळी धार काढून तात्या घरात आले आणि भरलेला पेला माझ्यापुढं ठेवून समोर बसले. फेस अजून मोडला नव्हता.

"पी."

"न्हाय तात्या."

"बाई म्हणाल्या, करून बघू. म्हंजी त्यास्नीबी म्हायती न्हाय. पी."

मी पेल्याला हात लावला नाही. तेही उठले नाहीत. फेस विरला, दुधावर पातळ साय धरू लागली. आई चुलीपुढं पाठ करून बसली होती, तिचा हात भाकरीवर थांबला होता. शेवटी तिनं उठून पेला उचलला आणि मागं नेऊन ठेवला. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत आणि पुढं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

आईचं माहेर मोरगावकडचं, जिराईत मुलखातलं. "आमच्यात बारमाही दूध कुणी बघितलंय?" ती म्हणाली. "शेळीचं असायचं, ते चहापुरतं." तिनं हुलगे भाजून दळून आणले आणि सकाळी दुधाच्या जागी मला हुलग्याचं माडगं, म्हणजे गूळ घातलेली गरम पेज, द्यायला लागली. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, मटकी, मूग, शेपू, दोडका, जवसाची चटणी. चहा कोरा. सोपं वाटतं, पण गावात कुणाच्याही दारात गेलं की दुधाचा चहा पुढं यायचा, आणि नको म्हटलं की माणूस दुखावायचा. मी लोकांकडं जायचंच बंद केलं.

पहिले काही आठवडे तर वाईट गेले. इंजेक्शन बंद झाल्यामुळं असेल, सगळं अंग पेटल्यासारखं झालं. हे सोडून द्यावं, असं रोज वाटायचं. मग कधीतरी पाझर थांबला. खपल्या पडल्या आणि खालची कातडी गुलाबी दिसायला लागली. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी उठलो तर चादर कोरडी होती. मी ती आईला दाखवली. तिनं ती उजेडात धरून उलटसुलट करून पाहिली.

पण मी वाळलो होतो. खांदे उतरले, गाल बसले. पारावर कुणीतरी तात्यांना म्हणालं, "पैलवान हाय का तापातनं उठलाय?" तात्यांनी घरी येऊन ते सांगितलं नाही, मला दुसऱ्यांकडून कळलं.

आणि शिमग्याच्या आधी ते परत आलं. आधी कोपराला, मग गुडघ्यामागं, मग मानेला, त्याच क्रमानं. मी आठवून आठवून थकलो. कुठं चहा घेतला नव्हता, पेढा खाल्ला नव्हता, लग्नात जेवलो नव्हतो. मलम चालूच होतं. म्हणजे बाईंचं चुकलं, आणि मी उगाच घरात वैर घालून महिने काढले. वैशाखात जत्रा होती आणि तिथं माझी कुस्ती लागावी असं वस्तादांच्या मनात होतं, असा निरोप त्यांनी गावातल्या एसटीडी बूथवर फोन करून पाठवला होता. एका सकाळी मी ठरवलं, बावड्याला जायचं आणि इंजेक्शन टोचून घ्यायचं. जत्रेपुरतं तरी अंग साफ राहील.

मी सदरा चढवून निघालो तर आई दारात उभी होती.

"कुठं निघालास?"

"बावड्याला. सुई घ्यायला."

"जाऊ नगंस."

"मग काय करू? ह्या खाण्यानं काय व्हत न्हाय, बघतीस न्हवं?"

ती बाजूला झाली नाही. "भाकरीचं पीठ दुधात मळतीय मी," ती म्हणाली. "लई दिस झालं. तुझ्या तात्यांनी सांगितलं. पोराला कळू दिऊ नगंस म्हणाले."

मी तिथंच खाली बसलो. राग यायला वेळ लागला. आधी मला हायसं वाटलं, कारण बाईंचं चुकलं नव्हतं. मग राग आला तो असा, की आईकडं न बघता मी सरळ गोठ्यात गेलो.

तात्या कडबा तोडत होते. मी उभा राहिलो तरी त्यांचा कोयता चालूच होता.

"तुमी सांगितलं आईला?"

कोयता थांबला. "व्हय."

"का?"

"तुझ्या बरगड्या दिसायला लागल्या. मला वाटलं, पोराला आतनं काय मोठं दुखणं हाय आन् आमी त्याला हुलग्यावर ठिवलाय. उद्या काय झालं असतं तर?"

"आन् अंगावर परत उठलं तवा? तवा तरी सांगायचं."

त्यांनी कोयता कडब्यावर ठेवला. "तवा भ्या वाटलं," ते म्हणाले.

तात्यांच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी पेंढी उचलून म्हशीपुढं टाकली आणि तिथून निघालो. बावड्याला गेलो नाही.

त्या दिवसापासून माझ्या भाकरीचं पीठ आई वेगळ्या परातीत, माझ्यासमोर पाण्यात मळायची. मीच तसं सांगितलं होतं, आणि तिला ते लागलं असणार. तात्या आठवड्याच्या बाजारातून शेंगदाणे, गूळ, काळे तीळ आणायला लागले. मटण घरात आलं की चांगला वाटा माझ्या ताटात पडायचा. ते बाईंनी तोडलं नव्हतं. ह्या वेळी कातडी लवकर निवळली. अंगही थोडं भरलं, पण आधीचं वजन काही परत आलं नाही.

जत्रेच्या आधी मी इंदापूरला गेलो. वस्तादांनी पुन्हा दारात उजेडाला उभं केलं. कोपराच्या घडीतून अंगठा फिरवला, गुडघ्यामागं फिरवला, मान वाकवून बघितली. तिथं डाग होते, पण कातडी कोरडी आणि सपाट होती.

"उतर," ते म्हणाले.

जत्रेच्या मैदानात माझी जोड माळशिरसकडच्या पोराशी ठरली. माझ्यापेक्षा भारी. सलामी झाली आणि हात धरणार तोच त्याच्याबरोबरचा एक माणूस पुढं आला. "ह्याला कातडीचा रोग हाय म्हणं. आमचं पोरगं ह्याला हात लावणार न्हाय."

हलगी थांबली. भोवती बसलेली माणसं माझ्या अंगाकडं बघू लागली. कडेला तात्या होते, ते उठून उभे राहिले. पण पुढं आले ते वस्ताद. त्यांनी माझी कोपराची घडी आपल्या तळहातानं खसखसून पुसली आणि तोच हात स्वतःच्या मानेवरून फिरवला.

"लागंल तर आधी मला लागंल," ते त्या माणसाला म्हणाले. "लढायचं असंल तर लढा. भ्या वाटत असंल तर तसं सांगा."

ते पोरगं स्वतःच पुढं आलं. आम्ही बराच वेळ लढलो. दोनदा त्यानं मला खाली घेतलं, दोनदा मी निसटलो. पूर्वी मी अंगाच्या जोरावर रेटलं असतं; आता ते जमत नव्हतं, म्हणून पाय हलता ठेवला. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. गावच्या एका मानकऱ्यानं दोघांसाठी दुधाचे पेले आणले. मी काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "त्याला चालत न्हाय. पाणी द्या."

"पैलवानाला दूध चालत न्हाय?" तो माणूस हसला.

"न्हाय चालत," तात्या म्हणाले आणि त्याच्याकडं बघत राहिले. त्यानं पेला परत नेला आणि पाणी आणलं.

कुस्ती पुढं फार वर्षं चालली नाही. लहान-मोठी मैदानं केली, काही जिंकलो, आणि ते दशक संपायच्या आत लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला लागलो. इसब मुळापासून गेला असं मी म्हणत नाही. थंडीत कोपराची घडी अजून चुरचुरते, आणि कधी कुणाकडं चुकून काही खाण्यात आलं तर दोन दिवसांत अंग सांगतं. गावातली माणसं पोराबाळांचे हात दाखवायला माझ्याकडं घेऊन येतात आणि काय खायचं बंद करू, असं विचारतात. माझ्या अंगाला काय सोसत नाही एवढंच मला ठाऊक आहे. मी त्यांना बारामतीची गाडी किती वाजता आहे ते सांगतो.